‘या जेवायला’ आणि शंकरआप्पा

ही गोष्ट मी इतकी वर्षे कुणाला सांगितली नाही. शंकरआप्पांचा विषय निघाला की मी त्यांच्या मिशांविषयी बोलत असे आणि वेळ मारून नेत असे. आता सांगतो.

आपल्याकडे जेवताना दारावरून कुणी गेले, तर "या जेवायला" म्हणायची रीत आहे. जाणाऱ्याने "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचे आणि पुढे जायचे. आप्पा पुढे जात नसत. ते वहाणा काढत.

"आग्रह मोडवत न्हाई, रावसाहेब," असे मला म्हणत आणि आत जाऊन हातपाय धुवायला पाणी मागत.

साताऱ्यात नांगरांच्या एका दुकानात आम्ही दोघे नोकरीला होतो. आप्पा कोरेगावचे, नांगर पारखणारे; मी बिले लिहिणारा. लढाई चालू होती, धान्य रेशनवर होते. माल उचलायला आम्हाला सांगलीकडच्या एका नांगरांच्या कारखान्याच्या वसाहतीत जावे लागे. तिथे सगळे कारखान्याच्या मालकांच्या शिस्तीने चाले. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. हॉटेल नव्हते, चहाची टपरीसुद्धा नव्हती. पाहुण्यांसाठी बंगला होता आणि बंगल्यात दुधी भोपळा होता. मिठाविषयी मालकांचे काही स्वतंत्र विचार होते.

पहिल्या खेपेला पहिल्याच घासाला आप्पा उठले. "रावसाहेब, ही आजाऱ्याची सोय हाय. आपण धडधाकट माणसं. चला."

मग कामगारांच्या आळीतून आमची फेरी निघे. दार आले की आप्पांची चाल मंदावे, खोकला येई, वहाणेत खडा जाई. आतून "या जेवायला" आले की खडा आपोआप निघे. त्यातही शास्त्र होते. फिटर पाटील जैन. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरके, म्हणून पहिली बैठक तिथे. अंधार पडल्यावर दुसरी, फौजेतून परतलेल्या पहारेकरी हवालदारांकडे.

हवालदारीणबाई एकदा म्हणाल्या, "आवं आप्पा, आज निस्तं पिठलं हाय."

"पिठलं कवा निस्तं असतंय व्हय, वैनी? बरूबर माणसं असत्यात की!"

मी पांढरपेशा. लाजेने दाराबाहेरच घोटाळायचो, मग बंगल्यावर जाऊन दुधी गिळायचो आणि चिडायचो.

एका खेपेला आप्पा स्टेशनवर वॅगनपाशी अडकले होते. मी पुढे गेलो आणि आळीत घरोघर सांगितले, "आप्पांना ‘या’ म्हणू नका. त्यांना ते खरेच वाटते."

"मग? आमी काय खोटं म्हणतोय व्हय?" हवालदारीणबाई कडाडल्या.

"आमच्या दुकानाच्या शेठजींच्या कानावर गेले तर आप्पांची नोकरी जाईल," मी म्हणालो. ही चक्क थाप होती. पण बाईंचा चेहरा उतरला.

संध्याकाळी आप्पा निघाले. पाटलांच्या दारात वहाणेत खडा गेला. आत ताटे वाजत होती, कुणी बोलेना. पुढच्या दारात त्यांनी दोन्ही वहाणा झटकल्या. हवालदारांच्या दारात तर इतके खोकले, की बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्यांच्या हातात दिला आणि डोळ्यांना पदर लावून आत पळाल्या.

आप्पा पाणी प्याले. तांब्या उंबऱ्यावर ठेवला. आळी संपली.

बंगल्यावर ते दुधी जेवले, सगळा. मग हात धुता धुता म्हणाले, "रावसाहेब, चूक माजीच. मंडळी गेल्यापासनं घरात मी भिताडाकडं तोंड करून जेवतुया. कुणी ‘या’ म्हटलं की मला भानच ऱ्हात न्हाई. ह्या टंचाईत लोकांच्या भाकरीवर बसलो बगा. कटाळली बिचारी. तुमालाबी लय कानकोंडं केलं. माफ करा मला."

सांगायचे सगळे माझ्या जिभेवर आले होते. तोंडातून निघाले ते भलतेच.

"जाऊ द्या हो आप्पा," मी मोठ्या मनाने म्हणालो, "झाले ते झाले."

पुढे ते माल उचलायला येईनात. गुडघे दुखतात म्हणायचे. दुकानात आम्ही आणखी कितीतरी वर्षे शेजारी शेजारी बसलो. रोज मी ठरवून येत असे आणि रोज बिले लिहून घरी जात असे. आप्पा गेले त्या दिवसापर्यंत आमच्यात माफी मागणारे तेच राहिले, आणि माफ करणारा मी.