चाळिसाव्या डब्यातला झेंडा

सरकारी चित्रसंग्रहाच्या तळघरातल्या फिल्मना आंबट वास येऊ लागला, तसा तिथल्या संग्रहपाल बाईंनी रीतसर अर्ज केला: खोली गार ठेवणारं यंत्र न बसवल्यास फिल्म कुजतील. चाळिसाव्या डब्याबद्दल अर्जात अवाक्षर नव्हतं, पण बाईंचा जीव त्यातच अडकला होता. त्यात परकी राजवट संपली त्या दिवसाची फिल्म होती. त्या दिवशी खांबावर चढून परक्यांचा झेंडा उतरवणारा माणूस म्हणजे बाईंचे वडील. बाई तेव्हा पाळण्यात होत्या. वडील पुढच्याच वर्षी गेले. घरात त्यांचा साधा फोटोही नाही.

घोडं अडलं ते सातव्या नियमापाशी. फिल्मच्या खोलीत विजेची तार नको, असं गेलेले राज्यकर्ते लिहून गेले होते. राज्य आपल्याकडे आलं तरी नियमाला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. ज्यांनी केला त्यांनाच विचारलेलं बरं, असं संचालकांचं मत पडलं. नियमावली मात्र जुनी आणि नाजूक, म्हणून ती संचालकांच्या गार खोलीत दुधावरच्या सायीसारखी जपलेली होती.

साता समुद्रापार पत्र गेलं. तीन वर्षांनी फार सभ्य उत्तर आलं. तो नियम आम्ही केव्हाच रद्द केला. आम्ही तुमचा निरोप घेतला त्या दिवसाच्या फिल्मची एक प्रतही आमच्याकडे आहे, आनंदाने पाठवू. फक्त मूळ फिल्म आपण चालवून पाहिल्याचा दाखला द्यावा.

समिती बसली. बाईंनी हात जोडले.

“साहेब, आता चालवली तर तुकडे होतील तिचे.”

“ते चालवल्याशिवाय कसं कळणार?” संचालक म्हणाले.

फिल्म चालवली. बाईंना वडिलांची पाठ दिसली. ते निम्म्या खांबापर्यंत चढले आणि फिल्मचा भुगा झाला. बाई ओक्साबोक्शी रडल्या. मूळ फिल्म समक्ष पाहिल्याचा दाखला सर्व सह्यांनिशी त्याच दिवशी रवाना झाला.

प्रत आली, समारंभ ठरला, सभागृह खचाखच भरलं. पडद्यावर वडील चढले, त्यांचा हात झेंड्याला लागणार तोच चित्र बदललं. निरोप घेणारे परके साहेब हात हलवत होते आणि मागे झेंडा डौलात फडकत होता. त्यांच्या प्रतीत तो उतरतच नव्हता. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बाई पडद्यापुढे धावल्या. झेंडा उतरला होता, माझ्या बाबांनी उतरवला होता, असं जिवाच्या आकांताने सांगू लागल्या.

तुम्हीही उभे होतात, हातातला फोन उंच धरून. तुम्हीच त्यांना म्हणालात, “बाई, जरा बाजूला व्हा. झेंडा नीट येत नाहीये.”