फ्रीजर खाली कर

संपदाने घरच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशव्यांखाली, आपलं यंत्र ठेवलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. दिल्लीच्या मयूर विहारातल्या त्या घराला सुनेच्या नोकरीचा फार अभिमान होता. ती नोकरी नेमकी कसली, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

तसं काम ऐकायला सोपं. जोरात आलेला सिग्नल आपण सांगू तेवढाच कमी करून पुढे सोडायचा. त्या डबीला म्हणतात अ‍ॅटेन्युएटर. पण तिच्या पोटातले डायोड पडले नाजूक. हवा तापली की त्यांचा नेम चुकतो, आणि दिल्लीची हवा जानेवारीत गोठवते नि मेमध्ये भाजते. संपदाने दोन उन्हाळे खपून त्या डायोडला खेटून दुसरा एक बसवला होता. पहिला गरमीने एकीकडे झुकला, की दुसरा तेवढाच उलट झुकून त्याला सावरायचा. संसारातही इतकी समज क्वचितच दिसते.

तिचे वरिष्ठ खन्नासाहेब यांचा मात्र विश्वास नव्हता. "आज लाइन हिली, तो प्रोजेक्ट बंद. बाहर से मंगवा लेंगे," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. त्यात ऑफिसातलं थंड-गरम करायचं कपाट आदल्याच दिवशी बंद पडलं. म्हणून हा घरचा फ्रीजर. डबीची वायर दारातून बाहेर काढून लॅपटॉपला जोडली होती आणि नोएडातल्या ऑफिसात, संपदा बसली होती त्या मीटिंगमध्ये, पडद्यावर दोन रेषा दिसत होत्या, एक तापमानाची, एक सिग्नलची.

तापमान शून्याच्या जरा खाली येऊन अडकलं. संपदाने नवऱ्याला फोन लावला. अंशुमन त्या दिवशी घरूनच काम करत होता.

"अंशुमन, फ्रीजर अजून खाली कर."

"खाली? पूर्ण?"

"होईल तेवढा. पटकन!"

"अच्छा, बिल्कुल."

पुण्यातल्या नवऱ्याने खटका फिरवून थंडी वाढवली असती. अंशुमन जन्माने दिल्लीकर. घरात मराठी बोलायचा, पण समजून घ्यायचा हिंदीत. त्याने बाही सरसावून फ्रीजर रिकामा करायला घेतला.

मटार निघाले, सुरमई निघाली, वरच्या मजल्यावरच्या कुमुदिनीबाईंनी नातवाच्या वाढदिवसासाठी ठेवायला दिलेला आइस्क्रीमचा डबा निघाला. शेवटी बर्फाने माखलेली डबीही निघाली. तिचं पाणी टेबलावर पसरून सासऱ्यांच्या, म्हणजे शांतारामांच्या, पेपरवर गेलं आणि त्यांनी अशी गर्जना केली की खालचा चौकीदार उठून उभा राहिला. सासूबाई प्रभाताईंनी मुकाट्याने डबी पुसली. ओली वस्तू उन्हात ठेवावी हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. लॅपटॉपला जोडलेल्या वायरीसकट ती बाल्कनीत कुरडयांशेजारी जाऊन बसली.

इकडे तापमानाची रेषा उठली. वीस, तीस, चाळिशीच्या पार. सिग्नलची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"ये तो हैंग हो गया," खन्नासाहेब म्हणाले. "लाइन मर गई."

संपदा उठून कोपऱ्यात गेली. तिने पुन्हा फोन लावला.

"अंशुमन, काय केलंस तू?"

"तूच म्हणालीस ना, खाली कर. केला खाली. यार, मासे कुठे ठेवू? आइस्क्रीम तर बाबा खातायत."

"माझी डबी कुठंय?"

"आईने उन्हात वाळत घातलीये."

संपदा ओरडणारच होती, पण तिची नजर पडद्यावर गेली. डबी उन्हात होती, तरी सिग्नलची रेषा जराही हलली नव्हती. "अंशुमन, तिचं सिग्नल कमी करायचं बटण एक घर फिरव."

"तापलीये गं ती!"

"फडकं घे!"

पडद्यावरची रेषा बरोबर एक पायरी उतरली आणि पुन्हा तशीच सरळ चालू लागली. मेलेली रेषा पायरी उतरत नाही. खन्नासाहेबांनी चष्मा काढला. संपदाने त्यांना बाल्कनीचा सगळा प्रकार सांगितला.

"फ्रीजर से सीधा धूप में? इतनी बेरहमी तो हमारी लैब भी न करे," ते म्हणाले आणि उठून त्यांनी संपदाचा हात हातात घेतला. "बाहर से नहीं मंगवाएंगे. अब बाहर भेजेंगे."

बर्फातून काढून मे महिन्याच्या उन्हात टाकलं तरी ज्याचा नेम ढळत नाही, ते बनवणाऱ्या बाईला मुजराच करायला हवा. खन्नासाहेबांना मुजरा येत नव्हता, म्हणून त्यांनी समोसे मागवले.

संध्याकाळी प्रभाताई दारातच उभ्या होत्या. "नापास झालं का गं? दिवसभर बघत होते, नुसतं बसून होतं ते. काही म्हणजे काही केलं नाही."

"आई, तेच तर त्याचं कौतुक!" संपदाने त्यांना मिठीच मारली. "समोरून कितीही जोरात येऊ दे, आपण सांगू तेवढंच बाहेर पडतं. आणि वर कितीही पारा चढू दे, हे बिघडत नाही."

आतल्या खोलीत शांताराम फोनवर कुमुदिनीबाईंना झापत होते. आइस्क्रीम पातळ निघालं, अशी त्यांची तक्रार होती.

प्रभाताईंनी डबी पदराने पुसली, तळहातावर घेतली आणि आतल्या दाराकडे पाहत हळूच विचारलं, "संपदा, हे माणसांनाही बसवता येतं का गं?"