सासूबाईंचा फोन आणि सोळा आकडे

"दहा मिनिटांत उघडतो!" असं मी म्हणालो तेव्हा घड्याळात तीन वाजले होते. वेळ तेवढी लक्षात ठेवा.

आमच्या ऑफिसात प्रिंटर अडला की सगळे मला हाक मारतात. मी त्याला एक चापट मारतो आणि तो चालू होतो. एवढ्याच भांडवलावर सासुरवाडीत मी मोठा तंत्रज्ञ समजला जातो.

थोरल्या मेहुणीने सासूबाईंना आपला जुना फोन दिला होता. पण तो एकाच कंपनीला बांधलेला आणि त्या कंपनीचं नेटवर्क या घरात औषधालाही नाही! दुसरं सिम घातलं की फोन म्हणायचा, 'कोड टाका.' आणि पाच वाजता धाकटी मेहुणी दवाखान्यातून व्हिडिओवर सकाळी जन्मलेली नात दाखवणार होती.

"आई, माझ्या फोनवर बघ ना," बायको म्हणाली.

"मुळीच नाही! नातवाच्या वेळी तुझ्याच फोनवर बघितलं. तुम्ही पाच जणांनी अशी डोकी घातलीत की मला त्याचा नुसता कान दिसला! नात मी माझ्या फोनवर बघणार. एकटी!" सासूबाई केस विंचरून, चष्मा पुसून दुपारपासून तयार होत्या.

मी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने सोळा आकडी कोड सांगितला, तो मी विजेच्या बिलामागे खरडला. ती म्हणाली, "सर, पाचच वेळा टाकता येतो. पाचही वेळा चुकला तर फोन कायमचा बंद!"

"अहो बाई, मला एकदाच पुरे!" मी हसून म्हणालो आणि चहा घ्यायला आत गेलो. बाहेर आलो तर टेबलावर कोऱ्या कागदावर मोत्यासारख्या अक्षरात कोड. सासऱ्यांचं काम! ते छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक.

"तुमचं अक्षर वाचवेना, म्हणून स्वच्छ प्रत काढली," ते म्हणाले.

मी कोड टाकला. चूक! मग बटणं जोरात दाबून टाकला. चूक! सिम सदऱ्याला पुसून परत घातलं आणि कोड टाकला. चूक! शेवटी फोनला प्रिंटरसारखी एक चापट मारून टाकला. तरीही चूक! मला दरदरून घाम फुटला. आता एकच संधी उरली होती.

"जावईबापू, होतंय ना?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालंच!" मी म्हणालो.

तेवढ्यात सासरे शांतपणे म्हणाले, "ओळीने तीन सात लिहिले होते तुम्ही. घाईत होतं असं. मी एक काढून टाकला."

"बाबा!! मूळ कागद कुठंय?"

"प्रत तयार झाली की मूळ कागद ठेवत नाही मी. फाडला." चाळीस वर्षांची शिस्त!

आता काय करता? फोन टेबलावर टाकला, माझा मोबाइल घेऊन गच्चीवर पळालो आणि पुन्हा कंपनीला लावला. 'आपण एकोणिसाव्या क्रमांकावर आहात.' मग अठराव्या. पाच वाजून गेले. बिचाऱ्या सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन मला अक्षरशः रडू फुटायच्या बेतात होतं. सव्वापाचला तीच मुलगी लागली. मी सोळाही आकडे तळहातावर लिहिले, तीन सातांसकट!

जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून मी स्वयंपाकघरात घुसलो. "मिळाला! कोड मिळाला!"

"ट्यांऽऽऽ!" सासूबाईंच्या हातातला फोन भोकाड पसरून रडायला लागला.

"उठवलंत ना तिला!" सासूबाई कडाडल्या. "आत्ता कुठे डोळा लागला होता! जावईबापू, तुमच्या तोंडाला लावायला आहे का हो एखादा कोड?"

मी बायकोकडे बघितलं. "अगं, पण... सिम?"

"सिम कशाला लागतंय? घरात वायफाय आहे की! सिम परत आईच्या साध्या बटणांच्या फोनात घातलं आणि व्हिडिओ अ‍ॅपच्या नोंदणीचा आकडा त्यावर मागवला. पाच मिनिटांचं काम होतं."

"मग तीन वाजताच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दहा मिनिटं म्हणाला होतात. म्हटलं, तुम्हाला तेवढी तरी देऊ."

त्या फोनला आजतागायत मला कुणी हात लावू दिलेला नाही. शेवटची संधी तशीच शिल्लक आहे. कोडही आहे. सासऱ्यांनी त्याची स्वच्छ प्रत काढून दिलीय. मी आकडे मोजले, पंधरा आहेत.