चौथ्यांदा कोसंबरी

पोट लहान करून घेण्यात त्रिविक्रमचा फायदाच फायदा होता. बुटाची नाडी स्वतःची स्वतः बांधता येणार होती. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटणार होती, गुडघे आणखी काही वर्षं साथ देणार होते, आणि रिक्षात त्याच्या शेजारी बसून त्याच्या बायकोला, वीणाला, अर्धं अंग बाहेर काढायची पाळी येणार नव्हती. शिवाय सगळा खर्च वीणाच्या मारतहळ्ळीच्या कंपनीचा विमा करणार होता. त्रिविक्रमने होसकोट्याच्या कारखान्यात आयुष्यभर खरेदी खातं सांभाळलेलं. घासाघीस करायला कुठे फट आहे का ते त्याने नीट पाहिलं, सापडली नाही, तेव्हा सही करून मोकळा झाला.

एकच बाब त्याने हिशेबात धरली नव्हती. गोदूआत्याला सांगायचं कसं?

आई गेल्यापासून त्याला मल्लेश्वरमच्या गोदूआत्यानेच वाढवलं होतं, आणि वाढवलं म्हणजे वाढून वाढून वाढवलं होतं. त्याच्या पोटाला बोल लावणं म्हणजे तिच्या हाताला बोल लावणं. आणि ते पोट डॉक्टरांकडून कापून घेतलं असं सांगणं म्हणजे तिच्या जन्माच्या स्वयंपाकाविरुद्ध पोलिसात तक्रार देण्यासारखंच. म्हणून घरात हर्नियाचं ऑपरेशन जाहीर झालं. पुढे पाच महिन्यांत त्याचं तीस किलो वजन उतरलं, तेव्हा आत्याने आपल्यापुरतं कारण शोधून काढलं: नागपूरची सून लॅपटॉप पेटवते, चूल पेटवत नाही. वीणाने तेही ऐकून घेतलं.

दवाखान्यातली आहारतज्ज्ञ सिद्धी कडक होती. "आधी प्रोटीन. मग भाजी. जागा उरली तर पोळी-भात. साखर बंद, तळलेलं बंद. प्रत्येक घास पार बारीक होईपर्यंत चावायचा, आणि जेवताना पाण्याला हात लावायचा नाही," असं तिने बजावलं होतं. अंडी खाणारे दोन अंड्यांत सुटतात. त्रिविक्रम शाकाहारी, म्हणून तो दिवसभर डबा उघडत असे. पनीर, टोफू, दही, मूग, पुन्हा पनीर. तरी प्रोटीन कमी पडत होतं. न्हाणीघराच्या जाळीत रोज त्याच्या केसांचा झुबका अडकायचा आणि तो त्याच्याकडे गंभीरपणे बघत उभा राहायचा.

अशात आत्याच्या मुलाने, नंदूने, आपल्या मुलाची मुंज काढली.

कार्यालयाबाहेर गाडी लावताना वीणा म्हणाली, "पर्समध्ये पनीर आहे. इथेच खाऊन घे, मग आत जाऊ."

"मुंजीच्या दारात गाडीत बसून पनीर खाताना कुणी बघितलं तर?"

"मग पंगतीत काय करणारेस? सगळं भात आणि गोड. तुझा प्रोटीनचा कोटा?"

"कोसंबरी असते की. भिजवलेली मूगडाळ, वर काकडी-खोबरं. तेवढ्यावर भागवतो. कोण बघतंय?"

सगळेच बघत होते. समाजातल्या कुठल्याही कार्यात त्रिविक्रमला पहिल्या पंगतीत बसवायचे ते काही त्याच्या वयाला मान म्हणून नव्हे. त्याने एखादा पदार्थ तिसऱ्यांदा मागितला, की आचारी आतून डोकावून समाधानाने मान हलवत. त्याने नुसती बोटं चाटली की लोकांची भूक वाढे. ही कीर्ती त्याने पोटाच्या जोरावर कमावली होती, आणि पोट गेल्याची बातमी कीर्तीपर्यंत पोचली नव्हती.

त्याच्या डावीकडे गुंडूमामा बसले. गुंडूमामा बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या पानांवर लक्ष ठेवत. पान वाढून झालं. त्रिविक्रमने कोसंबरीचा घास घेतला आणि चावत राहिला. चावून चावून झाल्यावर म्हणाला, "अजून स्वल्प कोसंबरी वाढा."

"अण्णा, भात?" वाढप्याने विचारलं.

"थांबतो जरा. कोसंबरीच."

तिसऱ्यांदाही कोसंबरी. चौथ्यांदा मागितली तेव्हा गुंडूमामांनी भाताचा कालवलेला घास पानात परत ठेवला आणि पलीकडच्या माणसाच्या कानाला लागले.

"त्रिविक्रम नुसतं कच्चं खातोय. शिजवलेल्याला हात नाही."

"का हो?"

"त्याला कळतं. आणि चावतोय बघा कसा! तोंडात काहीतरी शोधल्यासारखा."

पलीकडच्याने वाकून पाहिलं. "पाण्याची बाटलीसुद्धा फोडली नाही."

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला ही बातमी पोचली तेव्हा पाणी खराब होतं, वरण त्याच पाण्यातलं होतं, आणि त्रिविक्रमअण्णांनी भिडेपोटी तोंड उघडलेलं नव्हतं. हात थांबले. एका आईने पोराच्या तोंडातला घास बोट घालून काढला. आचारी पंच्याला हात पुसत बाहेर आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

नंदू पांढराफटक होऊन धावत आला. "अण्णा, काय असेल ते मला सांग. लोकांना नको सांगूस."

"काही नाही रे. फस्ट क्लास झालंय सगळं."

"फस्ट क्लास झालंय तर खात का नाहीस?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते द्यायचं नव्हतं. तेवढ्यात गोदूआत्या स्वतः चिरोट्यांचं ताट घेऊन आली. मुंजीचे सगळे चिरोटे तिने हट्टाने आपल्या हातांनी लाटले होते. मनगटाला अजून फडकं बांधलेलं होतं.

"तिकू," ती म्हणाली, "लोक काय काय बोलायला लागलेत की रे. माझा चिरोटापण नको झाला होय तुला?"

उजवीकडे बसलेल्या वीणाने टेबलाखालून त्याला चिमटा काढला. "त्रिविक्रम, नो. प्लीज. साखर आहे, तळलेलं आहे, सगळंच आहे त्यात."

त्रिविक्रमने एकदा त्या फडक्याकडे पाहिलं आणि पान पुढे केलं. आत्याने चिरोटा ठेवला, वर पिठीसाखरेचा डोंगर केला, त्यावर बदामाचं दूध ओतलं. त्याने तो शेवटच्या पापुद्र्यापर्यंत खाल्ला आणि बोटं चाटली.

कार्यालयाने श्वास सोडला. बाटल्यांची बुचं उघडली, भाताचे ढीग फुटले, गुंडूमामांनी दोन चिरोटे एकदम घेतले. नंदूला पुन्हा रंग आला. ही सगळी भरभराट जेमतेम दहा मिनिटं टिकली.

आधी त्रिविक्रमच्या टाळूवर घाम आला. मग छातीत ढोल वाजायला लागला, पोटात पीळ पडला, आणि तो बाकावरून हळूहळू घसरत जमिनीवर आडवा झाला.

"विषबाधा!" गुंडूमामा ओरडले आणि त्यांनी स्वतःच्या घशात दोन बोटं घातली.

अख्खी पंगत पानांवरून उठली. कुणी रुग्णवाहिकेला फोन लावत होतं, कुणी चिरोट्याचा तुकडा रुमालात बांधून तपासणीला द्या म्हणत होतं. नंदूने आचाऱ्याची गचांडी धरली, तर आचारी म्हणाला, "चिरोटे मी नाही केले, स्वामी! तुमच्या आईला विचारा!"

झालं, सगळ्यांच्या नजरा गोदूआत्याकडे वळल्या. तिने ताटातल्या चिरोट्यांकडे पाहिलं. "माझ्या हातचं खाऊन..." ती म्हणाली.

खाली पडल्या पडल्या त्रिविक्रमला तिचा चेहरा उलटा दिसत होता. जो बोल तिच्या हाताला लागू नये म्हणून त्याने पाच महिने लपवाछपवी केली, तो आता चारशे माणसांसमक्ष लागत होता. तो कोपरावर उठला.

"आत्या, चिरोट्यात काही नाही. माझ्या पोटातच राम नाही. हर्निया-बिर्निया खोटं होतं. वजनासाठी ऑपरेशन करून पोट छोटं केलंय मी. साखर पोटात गेली की असं होतं, अर्ध्या तासात उतरतं. चूक माझी, चिरोटा उत्तम आहे."

गुंडूमामांनी घशातली बोटं काढली.

"म्हणजे चिरोटा ठीक आहे?"

"एकदम ठीक."

"मग वाढा की," असं म्हणून ते पानावर परत बसले.

गोदूआत्याने ताट खाली ठेवलं. मग वीणाला विचारलं, "केवढं ठेवलंय पोट?"

"छोट्या वाटीएवढं, आत्या. देवापुढे नैवेद्याला ठेवता ना, तेवढी."

"मग मला सांगायचं की गं आधी! नैवेद्याच्या वाटीत काय मावतं ते मला कळत नाही होय?" तिने त्रिविक्रमचा घाम पदराने पुसला. "आजपासून ह्याची मूगडाळ मी भिजवीन. रोज डबा पाठवते. तू लॅपटॉप पेटव खुशाल."

त्रिविक्रमचे डोळे भरून आले. तिने मात्र लगेच कामाचं विचारलं, "पण ह्याच्या वाट्याचं काय?"

"कुठला वाटा?" वीणाने विचारलं.

"तिकूच्या नावाने सहा चिरोटे बाजूला काढून ठेवलेत मी. एक गेला. बाकीचे काय माघारी नेऊ? शुभकार्यात?" तिची नजर वीणावर येऊन थांबली. "तू बायको ना त्याची? पान पुढे कर."

"आत्या, मी ग्लूटेन बंद केलंय."

"ते काय असेल ते बंदच राहू दे. तू चिरोटा खा."

वीणाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गुंडूमामांच्या उपरण्यावर डोकं टेकून डोळे मिटून पडला होता, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

शेवटी बेरीज अशी झाली: नंदूचं कार्य पार पडलं. आचाऱ्याला तिथल्या तिथे पुढच्या दोन मुंजींची कामं मिळाली. गोदूआत्याच्या हाताला बोल लागला नाही, आणि त्रिविक्रमला घरपोच प्रोटीन सुरू झालं. गुंडूमामांचे दोन चिरोटे पचले, एवढंच नव्हे तर त्यांनी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा नंबरही घेतला. या सगळ्याची भरपाई वीणाने केली, एकामागून एक पाच चिरोट्यांत, आणि प्रत्येकावर आत्या बदामाचं दूध ओतत होती.