व्रबोव्काची पेनल्टी आणि चौथा अध्याय

"शनिवारी साडेदहा. गुरुजींना तीच वेळ आहे," उल्का म्हणाली आणि मनोहरचा चेहरा पडला.

अमेरिकेत, कॅरीतल्या नव्या घरातला हा पहिलाच सत्यनारायण. कॅरीतले गुरुजी भारतात गेलेले, म्हणून दूरच्या आयसेलिन गावचे जगन्नाथ गुरुजी स्पीकरफोनवरून पूजा सांगणार होते. नागपूरहून आलेली उल्काची नीलामावशी पूजेसाठी खास थांबली होती. एवढं सगळं जुळून आल्यावर नवऱ्याने तोंड का पाडावं, हे उल्काला कळेना.

"अकराला मॅच आहे," मनोहर हळूच म्हणाला.

"वर्ल्ड कपची ना? रेकॉर्ड कर की!"

"वर्ल्ड कपची असती तर केली असती. व्रबोव्काची आहे."

उल्काने कपाळावर हात मारला. "मनोहर, आपण ते गाव सोडून तीन वर्षं झाली!"

अमेरिकेत येण्याआधी पुण्याच्या कंपनीने मनोहरला चेक देशात, ब्रनो शहरातल्या एका प्रोजेक्टवर पाठवलं होतं. लग्न नुकतंच झालेलं. शहरात मनासारखं घर मिळेना, म्हणून दोघं बसने अर्ध्या तासावरच्या व्रबोव्का गावात राहिले. खाली कारेल नावाच्या घरमालकाचं बिअरचं दुकान, वर यांच्या दोन खोल्या आणि मागे फुटबॉलचं मैदान. व्रबोव्काची टीम जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळायची. त्या लीगच्या खाली आणखी एकच पायरी होती, आणि तिच्याखाली फक्त गाई चरायच्या. टीममध्ये गावचा पोस्टमन, दूधवाले दोघे भाऊ आणि एक दातांचा डॉक्टर होता. हा डॉक्टर धावत आला की पलीकडचे खेळाडू आपसूक तोंड मिटून बाजूला व्हायचे.

शनिवारी अख्खा गाव दोरीला टेकून उभा राहायचा. सगळ्यांच्या हातात सॉसेज, मनोहरच्या हातात नुसता पाव आणि मोहरीची चटणी. सुरुवातीला त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, कारण बोलणार कसं? मग एकदा व्रबोव्काने गोल केला आणि शेजारच्या धिप्पाड सुताराने त्याला उचलून गोल फिरवलं. ओरडायला व्याकरण लागत नाही, हे मनोहरला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो गावाचा 'मानो' झाला. त्यानंतर अमेरिकेत आधी रेडमंडला वर्षभर आणि मग कॅरीत, पण असं त्याला पुन्हा कोणी उचललं नव्हतं.

आणि आता सीझनची शेवटची मॅच. हरले तर टीम खालच्या लीगमध्ये जाणार आणि शेजारच्या गावाच्या टीममध्ये विलीन होणार. व्रबोव्का हे नावच पुसलं जाणार. "मानो, कदाचित ही शेवटची," कारेल फोनवर म्हणाला होता.

मनोहरने मग गुपचूप व्यवस्था केली. मोबाईल झब्ब्याच्या खिशात, इअरफोनची वायर झब्ब्याच्या आतून वर, आणि कानावर टोपी ओढलेली. परदेशी फोनसाठी मिनिटं भरून मिळणाऱ्या कॉलिंग कार्डावरून त्याने फोन लावला की कारेल मैदानाच्या कडेला उभा राहून सगळं सांगणार होता.

पूजा सुरू झाली. पाटाशेजारच्या स्टुलावरून गुरुजींचा आवाज घुमत होता. दुसऱ्या अध्यायात व्रबोव्कावर गोल झाला.

"अरे देवा!" मनोहर कळवळला.

"व्वा! यजमान, असा भाव हवा," गुरुजी म्हणाले.

तिसऱ्या अध्यायात डॉक्टरने डोक्याने बरोबरीचा गोल केला. मनोहर हात जोडून ताडकन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जावई किती भाविक आहेत गं," नीलामावशी उल्काला म्हणाली.

उल्काने भाविक जावयाकडे नीट पाहिलं. टोपीखालून काळी वायर डोकावत होती. "हे काय आहे?" म्हणत तिने ती ओढली. वायरीबरोबर मोबाईल खिशातून बाहेर आला. मनोहरने तो झेलायला हात घातला, नेमकं स्पीकरचं बटण दाबलं गेलं, आणि मोबाईल थेट पंचामृताच्या पातेल्यात पडला. लगेच पातेल्यातून कारेलचा खणखणीत आवाज यायला लागला.

"मध्ये कोण बोलतंय?" गुरुजी म्हणाले. "यजमान, टीव्ही बंद करा."

"टीव्ही नाही गुरुजी. मोबाईल आहे. पंचामृतात पडलाय."

"मग तो बंद करा."

"बटणं चिकटलीत. मध आहे ना त्यात."

उल्काने डोळे मिटून घेतले.

"काय चाललंय त्याच्यावर?" गुरुजींनी विचारलं.

"फुटबॉल," मनोहर पुटपुटला. "एका खेड्याची टीम आहे गुरुजी. हरली तर बंद पडणार."

आता शाप येणार, असं मनोहरला वाटलं.

"स्कोअर काय?"

"अं? वन ऑल."

"मी कोल्हापूरचा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "पेठेच्या टीमचा लेफ्ट बॅक होतो. चौथा अध्याय जरा थांबू दे. तो फोन इकडे जवळ आणा."

"गुरुजी!" उल्का ओरडली. पण मनोहरने पातेलं उचलून स्टुलाशेजारी ठेवलंसुद्धा.

तेवढ्यात कारेल किंचाळला. "पेनल्टा! प्रोती नाम! प्रोती नाम!"

"नाम म्हणतोय बघा," नीलामावशी हात जोडून म्हणाली. "परक्या देशातला माणूस, पण देवाचं नाव घेतोय."

"पेनल्टी मिळाली!" मनोहरने भाषांतर केलं. "आपल्याला!"

"मंडळी, सगळ्यांनी नारायणाचं स्मरण करा," गुरुजी म्हणाले. "चेंडू आत गेला पाहिजे." दिवाणखान्यातल्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी डोळे मिटले. उल्कानेही, नाइलाजाने.

पातेल्यातून शिट्टी ऐकू आली. मग "खितिल! खितिल!"

"पकडला," मनोहर मटकन खाली बसला. "गोलकीपरने पकडला."

"अरेरे!" पाहुणे हळहळले. "कर्म एकेकाचं," गुरुजी म्हणाले.

पण पातेल्यात मात्र दिवाळी चालली होती. माणसं ओरडत होती, कोणीतरी ढोल बडवत होतं, कारेल हुंदके देत होता.

"पेनल्टी चुकली तर हे लोक एवढे खूश कशाला झालेत?" नीलामावशीने विचारलं.

मनोहरने डोकं खाजवलं. तीन वर्षांत गंजलेली भाषा हळूहळू जागेवर आली. "प्रोती नाम म्हणजे... आपल्याविरुद्ध. पेनल्टी त्यांची होती! आपल्या गोलकीपरने पकडला! मॅच संपली! वाचलो आपण!"

"म्हणजे आपण सगळ्यांनी चेंडू आपल्याच गोलात जावा म्हणून प्रार्थना केली?" गुरुजी गंभीर झाले. "बरं झालं, देवाने ऐकलं नाही."

उल्का उठली. आता ती ते पातेलं अंगणात नेऊन रिकामं करणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. इतक्यात त्या गोंगाटातून एका बाईचा जाडसर आवाज आला, चेकमध्ये.

"उल्को? उल्को, तू आहेस का तिथे?"

उल्का जागच्या जागी थबकली. ती कारेलची बायको होती, बोझेना. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. आईच्या आठवणीने रडत बसलेल्या उल्काला बोझेना रोज खाली स्वयंपाकघरात बोलवायची, हातात बटाटे द्यायची आणि तिला एक अक्षर कळत नसताना तासन्‌तास बोलत राहायची.

उल्काने दोन बोटांनी मोबाईल उचलला, नव्या कोऱ्या पैठणीच्या पदराला पुसला आणि "बोझेना! अगं बाई!" म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. मग आतून नुसते आवाज येत राहिले. थोडं चेक, बरंचसं मराठी, हसणं, नाक ओढणं, पुन्हा हसणं.

"सौभाग्यवती कुठे आहेत?" गुरुजींनी विचारलं. "जोडप्याशिवाय अध्याय पुढे नेता येत नाही."

मनोहर बोलवायला निघणार, तोच उल्का स्वतःच दारात आली. डोळे लाल, गालाला मध.

"कार्ड संपलं. दुसरं आहे?"

"नाही गं."

"मग इंडियन स्टोअरमधून घेऊन ये. पटकन. बोझेनाचं वाक्य अर्धं राहिलंय."

"अगं पण पूजा..."

"जा म्हणते ना!"

कपाळाला गंध, डोक्यावर टोपी आणि पायांत घाईने घातलेले स्नीकर्स अशा थाटात यजमान गाडी काढून गेले.

"आता यजमान कुठे गेले?" फोनवरून प्रश्न आला.

"कार्ड आणायला गेलेत," नीलामावशी म्हणाली.

"असू दे," गुरुजी म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "तोवर एक सांगतो. एकदा आमच्या पेठेची फायनल होती. पाऊस पडून गेलेला, ग्राउंडवर घोट्याएवढा चिखल..."

पाहुण्यांच्या मुठीत कथेसाठी घेतलेली फुलं आणि अक्षता तशाच होत्या. कोणालाही हात खाली घ्यावेसे वाटले नाहीत.