जावई पळाला

साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत आकाराम नावाचा कारकून होता, आणि त्याच्या टेबलावर आलेला कागद पुढं सरकत नाही अशी त्याची तीन तालुक्यांत ख्याती होती. त्यामुळं खात्याच्या क्रीडा महोत्सवात दहा मैलांची शर्यत आहे असं परिपत्रक आलं, तेव्हा हेडक्लार्क नानासो सगळ्यांच्या देखत म्हणाले, की ज्यांचा कागद पळत नाही ते स्वतः काय पळणार. कचेरी पोट धरून हसली. आकारामला राग आला आणि रागाच्या भरात त्यानं आपलं नाव देऊन टाकलं. (राग एका चहात उतरला. पण तोवर नावाचा कागद साहेबांकडं पोचला होता. आयुष्यात हा एकच कागद त्याच्या टेबलावरून वेळेत गेला.)

त्याची बायको अंजना दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन माहेरी गेली होती, म्हणून बरं झालं. आकारामनं कॅनव्हासचे बूट घेतले, जुनी खाकी हाफ चड्डी शोधून काढली आणि पहाटे ‘चार भिंती’च्या टेकडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर पळायला सुरुवात केली. शेजारी राहणारे ड्रिलमास्तर मानसिंगराव त्याचे गुरू झाले. गुरूंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पळताना तोंड मिटलेलं ठेवायचं, जग बुडालं तरी एक शब्द बोलायचा नाही. आणि रविवारचं लांबचं पळणं कधीही चुकवायचं नाही.

नेमकं पुढच्याच रविवारी सासरवाडीत मेहुण्याच्या पोराचं जावळ निघालं. दुसरा शनिवार जोडून या, जेवा आणि अंजनाला घेऊन जा, असा निरोप आला. आकारामनं पिशवीत तळाला बूट आणि चड्डी घातली, वर धोतराची जोडी ठेवली आणि एस्टीत बसला. अंजनाला यातलं काही कळवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, कारण तिला हसताना त्यानं पाहिलं होतं.

सासरवाडी पलूसच्या पलीकडं कोसभरावर. सासरे लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, चार एकर ऊस, दारात मांडव. घर पाहुण्यांनी भरलेलं. साडू आप्पासो विट्याचे. त्यांचं दूर मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान होतं. बोटाबोटांत अंगठ्या घालून ते आदल्या दिवशीच आले होते, म्हणून नवी कापसाची गादी त्यांना मिळाली आणि आकारामच्या वाट्याला वाकळ आली. आकारामचं त्याकडं लक्षच नव्हतं. संध्याकाळी तासभर तरी हलकं पळून यावं म्हणून तो संधी शोधत होता. पण चपला घातल्या की कोणीतरी हाताला धरायचं. एकानं ऊस दाखवायला नेलं, एकानं विहिरीवरचं नवं इंजिन दाखवलं, आणि ज्यांच्याकडं दाखवण्यासारखं काही नव्हतं त्यांनी चहा पाजला. शेवटी वैतागून तो जेवायला बसला आणि पहाटे अंग जड होऊ नये म्हणून त्यानं पुरणपोळी नको म्हटली. सासूबाई मनुबाईंनी आग्रह केला, तरी नको म्हटली.

मनुबाई आत गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “गादीचं लागलंय मनाला.”

रविवारी झुंजुमुंजू झालं तसा आकाराम घराबाहेर पडला. त्या काळी त्या भागात माणूस पळायचा तो दोनच कारणांनी, बैल सुटला म्हणून किंवा पोलीस आले म्हणून. त्यामुळं तांब्या घेऊन निघालेल्या शेजारच्या धोंडुबाईनं चड्डी-बनियनवर सुसाट निघालेला सुभेदाराचा जावई बघितला, ती तांब्या तिथंच ठेवून माघारी फिरली आणि मांडवात येऊन तिनं एवढंच सांगितलं, की जावई पळाला. वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

लालासाहेबांनी आकारामच्या धाकट्या मेहुण्याला, बाळासोला, सायकलवर पिटाळलं. त्यानं आकारामला गाठलं तेव्हा निम्मी वाट संपली होती आणि कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. घुंगरांच्या आवाजातच बाळासो सायकल शेजारी आणून विचारू लागला.

“दाजी, काय चुकलं आमचं?”

आकारामला गुरू आठवले. त्यानं तोंड मिटून मान हलवली.

“गादीचं व्हय?”

पुन्हा मान हलली.

“मग आक्का काय बोलली का तुमास्नी?”

हा पोरगा बोलायला लावून दम घालवणार, असं आकारामला वाटलं. अजून पाच मैल राहिलेत, संपवून येतो, हे सांगायला त्यानं हात वर करून पाची बोटं ताणली. बाळासोचा चेहरा उतरला. “पाच माणसं?” त्यानं विचारलं. आकारामला त्यातलं ‘पाच’ तेवढं ऐकू आलं. त्यानं जोरात होकार दिला.

त्या मुलखात नवराबायकोचं आपसांत मिटेना, की पाच माणसं बसवतात. आणि भर जावळाच्या दिवशी पाच माणसं मागणारा जावई एकच गोष्ट मागत असतो, सोडचिठ्ठी. बाळासो रडवेला होऊन घरी परतला. माणसं शोधावी लागली नाहीत, मटणासाठी सगळी भावकी पहाटेपासून जमलेलीच होती. जाजम अंथरलं. भावकीतले म्हातारे तात्याबा मध्ये बसले. आप्पासोंनी आपली गादी स्वतः उचलून आकारामच्या वाकळेवर नेऊन टाकली. मग अंजनाला वाटपाच्या पाट्यावरून उठवून आणलं.

आधी ती रडली, रीतीप्रमाणं. तात्याबांनी विचारलं, भांडण झालं का. नाही म्हणाली. मारतो का, नाही. पितो का, नाही. मग पोरी, तुला त्रास तरी काय हाय, असं त्यांनी विचारलं. काही नाही, असंच ती म्हणणार होती. पण नऊ वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता, नि आता तर विचारणारी पाच माणसं समोर जाजमावर बसली होती. तिनं डोळे पुसले आणि मांडी घालून बसली.

पहाटे नळ येतो, तो खालच्या आळीत, तिनं सांगितलं. घागरी तीच वाहते. नवऱ्याला म्हटलं तर तो कंबर धरून बसतो. रॉकेलच्या रांगेत उभं राहिलं की त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात. धाकट्याला शाळेत पोचवायचं तर वाटेत चढ आहे आणि चढाला त्याला धाप लागते. देवळात प्रदक्षिणा तीच घालते, दोघांच्याही, कारण त्याला भोवळ येते. मंडळी माना हलवत होती. बायका चूल सोडून मांडवात आल्या होत्या आणि अंजनाचं मागलं दळण अजून संपायचं होतं.

एवढ्यात आकाराम आला. दहा मैल पुरे करून, लालबुंद होऊन, आणि एवढी गर्दी आपल्यासाठीच जमली आहे असं वाटल्यामुळं दोन्ही हात वर करून.

मग तात्याबांनी सावकाश विचारलं, “कुठं गेलता?”

“दहा मैल पळून आलो.”

“मागं कोन लागलं हुतं?”

“कोणी नाही.”

“मग कशापायी पळाला?”

आकारामनं धापा टाकत शर्यतीचं सांगितलं. पहिल्या आलेल्याला कप देतात, असंही सांगितलं.

“च्याचा?”

“नाही, मोठा असतो. त्यातनं काही पीत नाहीत.”

पाचही माणसांनी बराच वेळ जाजमाकडं बघितलं. अंजना तेवढी उठली, नवऱ्याच्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “कंबर कशी हाय आता?”

आकाराम त्यावर काहीतरी बोलला असता, पण लालासाहेबांनी त्याला दंडाला धरून आत नेलं. सुभेदाराचं तोंड एवढं पडलेलं घरात कोणी पाहिलं नव्हतं.

“दोन लढाया बघितल्या आमी. मागं सरलो न्हाई,” ते म्हणाले. “आन आमचा जावई चड्डीवर गावातनं पळाला, ते बी उगंच, हे मी सांगू कुनाला? त्यापरीस रुसला म्हनून सांगतो. रुसलेला जावई घरोघर हाय. असला कुठं न्हाई.”

पाच माणसांनाही तेच पटलं. भावकीत जाहीर झालं, की जावई गादीवरून रुसले होते, आता रुसवा निघाला आहे. आकारामला धोतर नेसवलं, नव्या गादीवर बसवलं आणि रुसवा खरा दिसावा म्हणून भिंतीकडं तोंड करायला सांगितलं. मनुबाईंनी कानात येऊन बजावलं, की ताट आलं की दोनदा नको म्हणा, तिसऱ्या आग्रहाला घ्या. लगेच घेतलं तर लोक काय म्हणतील.

पंगत बसली. रात्री अर्धपोटी झोपलेला, सकाळी दहा मैल पळालेला तो माणूस भिंतीकडं बघत बसला. मागून रश्श्याचा वास येत होता. अखेर बांगड्या वाजल्या. ताट घेऊन अंजनाच आली होती.

“जेवता न्हवं?” सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं तिनं विचारलं.

“नको,” आकाराम म्हणाला.

“घ्या की वाईच.”

“नको म्हटलं ना,” तो म्हणाला. हे त्याला इतकं झकास जमलं, की मांडवातली दोनचार माणसं हळहळली.

अंजनानं ताट उचललं आणि शेजारी आप्पासोंच्या पुढं ठेवलं. आकारामचं तोंड भिंतीकडं होतं, त्याला ते दिसलं नाही. मान जरा वाकडी करून, हात धुऊन तयार ठेवून, तो तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होता. आप्पासोंनी दोन नळ्या फोडल्या, पुन्हा रस्सा मागितला, ढेकर दिला. पंगत उठली, जाजम झाडलं गेलं, आणि मग कुठं शंका येऊन त्यानं मागं वळून पाहिलं.