हॉलमधला परदेश

बदलीचं पत्र आलं त्या संध्याकाळी ड्राफ्ट्समनच्या घरी सगळे तासभर आनंदात होते. तासभरच, कारण मग त्याच्या बायकोने तिकडे फोन लावला. तिकडे म्हणजे जिथे तीन वर्षांसाठी जायचं होतं त्या देशात. ऑफिसातला एक जण आधीच जाऊन राहिला होता आणि त्याची बायको बोलकी होती. पगार इथल्या तिप्पट, एवढंच पत्रात होतं. पत्रात नव्हतं ते त्या बाईने सांगितलं. अर्ध्याहून जास्त पगार घरभाड्यात जातो. केस घरीच कापायचे. कपडे धुवायला तळघरातलं मशीन, तेही आठवड्यातून एकदा, नाणी टाकून. दात दुखला तर सहन करायचा. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, ती बाई मधूनमधून रडत होती, पण रडतानासुद्धा भाव अगदी अचूक सांगत होती.

हे ऐकून दुसऱ्या कोणाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. हा कामाला लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, जे कागदावर बसतं ते जगातही बसतं अशी त्याची पक्की समजूत. त्याने वही घेतली, वर तिप्पट पगार लिहिला, एकेक खर्च वजा करत खाली आला, तेव्हा तळाशी तिघांपुरती एक खोली उरली. अठरा चौरस मीटर. त्यातच शेगडी आणि त्यातच बिछाने.

आता घरात माणसं होती चार. तो, बायको, नऊ वर्षांची चिमी आणि त्याचे वडील, आबा. आबा वीज खात्यात छत्तीस वर्षं मीटर रीडर होते आणि बायको गेल्यापासून मुलाकडे राहत होते. चौथा माणूस न्यायचा तर तिकडे दोन खोल्यांचं घर घेणं सक्तीचं. वर या वयाच्या माणसाचा विमा म्हणजे आणखी एका खोलीचं भाडं. ड्राफ्ट्समनने ही ओळ तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. आबा समोरच बसले होते. छत्तीस वर्षं लोकांचे आकडे वाचलेल्या माणसाला काय खोडलं ते बघायची गरज पडली नाही.

"मी इथेच राहतो," ते म्हणाले. "घराकडे बघायला कोणी तरी हवंच."

यावर कोणीच काही बोललं नाही. काही न बोलणं म्हणजे होकार, अशी त्या घरात रीत होती.

सरावाची कल्पना बायकोची. तिकडे जाऊन रडण्यापेक्षा आधी इथे रडून बघू, असं तिचं म्हणणं. सही करायला महिन्याची मुदत होती, तेवढा महिना तिकडच्यासारखं राहायचं, जमलं तर सही करायची. शहाण्या माणसाने हे हसून सोडून दिलं असतं. याने मोजपट्टी आणि खडू आणला, हॉलमधलं सामान हलवलं आणि फरशीवर अठरा चौरस मीटरची चौकट आखली. दार कुठून कसं उघडतं तेसुद्धा पाव वर्तुळ काढून दाखवलं. माळ्यावरची जुनी शेगडी आत आली, कपाट बाहेर राहिलं. बाथरूम तिकडे चार बिऱ्हाडांत मिळून एक असतं, तेव्हा इथलं आबांबरोबर वाटून घ्यायला हरकत नव्हती.

पहिल्या आठवड्यातच सगळं अंगाशी आलं. बायकोने त्याचे केस कापले, ते डावीकडे वर आणि उजवीकडे खाली उतरले. ऑफिसात साहेबांनी दार लावून, आवाज खाली आणून विचारलं, काही मोठा आजार नाही ना. चिमीने शाळेत सांगितलं की आम्ही आता एकाच खोलीत राहतो आणि रोज बटाटा खातो, त्याबरोबर तिच्या बाईंनी वर्गातून जुने स्वेटर गोळा करून पाठवले. समोरची शेजारीण पातेलंभर सूप घेऊन आली, तर ड्राफ्ट्समनने ते घेतलं नाही, कारण तिकडे शेजारी सूप आणत नाहीत. ती बिचारी खडूच्या भिंतीवरून चालत बाहेर गेली आणि पुन्हा फिरकली नाही. तिघं मात्र दोन आठवडे तग धरून होते, आणि बायकोला तर आपण जिंकतोय असं वाटायला लागलं होतं.

आबांचं काय? उरलेल्या दोन खोल्या आणि अख्खं स्वयंपाकघर त्यांचं एकट्याचं. सगळ्यांत कडक सराव त्यांचाच होता. सराव करायचा तर नीट करा, तुम्ही मला दिसता कामा नये, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चौकटीशेजारून जाताना ते सरळ समोर बघत जात. चिमी हात हलवायची, ते हलवत नसत. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, ते स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फोन करायचे.

"जेवलात का?" ड्राफ्ट्समनने पहिल्या रविवारी विचारलं.

"जेवलो. तुमच्याकडे हवा काय म्हणते?"

ड्राफ्ट्समनने खिडकीबाहेर बघून सांगितलं, की ढग आलेत.

"इकडेही तसंच आहे," आबा म्हणाले.

चिमी मधेच म्हणाली, की आबा जेवलेले नाहीत, कालपासून त्यांनी शेगडी पेटवलेली नाही, तिला इथून दिसतंय. आईने तिला गप्प केलं. तिकडून दिसणार नाही, असं तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण त्या दिवशी बटाट्याला हात लावला नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी ऑफिसला निघायच्या वेळेला, बाथरूममध्ये धप्पकन आवाज झाला. ड्राफ्ट्समन धावला आणि चौकटीच्या कडेपर्यंत पोचला.

"आबा, पडलात का?"

"पडलोय. पण येऊ नकोस, तू तिकडे आहेस."

"आबा, काहीतरीच काय."

"काहीतरीच कसं? हे बघायलाच तर सगळं मांडलंय ना? तिकडे रजा किती दिवसांत मिळते?"

आणि इथे सगळ्यांत वाईट गोष्ट घडली. ड्राफ्ट्समन विचार करू लागला. त्याच्या पायांचे अंगठे खडूच्या आत होते आणि डोक्यात आकडे सुरू झाले होते.

"दोन दिवस," तो म्हणाला.

"आणि तिकीट?"

"लगेचचं मिळत नाही. मिळालं तर महिन्याचा पगार जाईल."

"मग पडून राहतो," आतून आबा म्हणाले. "बघू जमतंय का."

चिमी त्याच्या कोपराखालून सुटली आणि दारबिर न बघता थेट भिंतीतून पळाली. तिच्यामागे बायको धावली. ड्राफ्ट्समन शेवटी पोचला. नळ तसाच वाहत होता आणि आबा भिंतीला टेकून, उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होता. "तीन मिनिटं," आबा म्हणाले, "मुलगा घरातच होता." बोलण्यात टोमणा नव्हता, डॉक्टरांना लागेल तेवढीच माहिती होती. ड्राफ्ट्समनच्या मात्र ते काळजाला लागलं. टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं. परतल्यावर त्याने ओल्या फडक्याने सगळी फरशी पुसली, बायकोने पाणी बदलून दिलं, आणि दोघांनाही पुन्हा त्या वहीचं नाव काढायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. रात्रभर घोकलेलं त्याने एका दमात सांगितलं. वडील आहेत, त्यांना सोडून जाणं होणार नाही, नोकरीवर आलं तरी चालेल. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. हेच याला कसं सांगायचं, या काळजीत ते आठवडाभर होते. वरच्यांनीही हिशेब केला होता. तिकडे एका माणसाला ठेवायच्या खर्चात इथे चार माणसं बसतात. म्हणून आता कोणालाच पाठवायचं नाही. काम तिकडचं, वेळ तिकडची, पगार इथला, आणि माणूस आपापल्या घरी. संगणक कंपनी देणार होती.

"वडील तुमच्या डोळ्यांसमोर राहतील," साहेब म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

खरंच, अजून काय पाहिजे होतं? तो जवळजवळ पळत घरी आला. बायको रडली, मनापासून आणि एकही भाव न सांगता. चिमीने प्लॅस्टरवर चित्र काढलं. आबा त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवले.

मग काम सुरू झालं. दुपारी तीन ते रात्री बारा. पडद्यावर तिकडची माणसं दिसायची आणि तिकडच्या माणसांना हा दिसायचा. मागून आवाज आलेला चालत नसे, म्हणून दार बंद. खुर्ची पाच मिनिटं रिकामी दिसली की कोणीतरी तिकडून नाव घेऊन हाक मारी. घरातली सगळ्यांत शांत खोली आबांची होती, म्हणून ती त्याने घेतली आणि आबांची खाट हॉलमध्ये आली. सकाळी चिमी शाळेत जायची तेव्हा तो झोपलेला असे, आणि ती परत येई तेव्हा दार लागलेलं असे.

महिनाभराने एका संध्याकाळी प्लंबर आला. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवायचा होता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. बायको चिमीला घेऊन बाहेर गेली होती. प्लंबरने भिंतीला भोकं पाडली, दांडा लावून बघितला आणि म्हणाला, स्क्रू पिळेपर्यंत दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरायला पाहिजे. त्याने आबांच्या प्लॅस्टरकडे बघितलं.

"घरात दुसरं कोणी नाही का, काका?"

"मुलगा आहे," आबा म्हणाले, "पण तो परदेशात असतो."

बंद दारामागे ड्राफ्ट्समनला हे स्वच्छ ऐकू आलं. तो अर्धा उठला. पडद्यावरचा माणूस बोलायचा थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला. नकाशातल्या जिन्याच्या एका पायरीचं माप चुकलं होतं आणि ते कोणाचं चुकलं हे ठरायचं होतं. ड्राफ्ट्समन खाली बसला आणि म्हणाला की माप पुन्हा तपासतो.

बाहेर प्लंबर थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. शेवटी आबांनीच डाव्या हाताने दांडा धरला.